व्हॅक्यूम क्लीनर दहा मिनिटांत तापून बंद पडतो? मोटर बदलण्याआधी तिला गार करणारा वारा शोधा

तक्रार बहुधा ठरलेल्या शब्दांतच येते. "मशीन चालू होतं, आवाज एकदम जोरात, सात-आठ मिनिटं चालतं आणि मग गप्प. अर्ध्या-पाऊण तासानं बटण दाबलं की परत सुरू." दिवाळीच्या साफसफाईचे पंधरा दिवस आणि एप्रिल-मे हे दोन हंगाम असे, की माझ्या टेबलावर अशी मशीनं रांगेनं उभी असतात. बहुतेकांच्या मोटरला काहीही झालेलं नसतं. तरी त्यातली बरीच माझ्याकडे येण्याआधी कुठेतरी मोटर बदलून आलेली असतात, आणि नवी मोटरही तशीच बंद पडते. लोकांचे पैसे विनाकारण जातात याचं मला खरंच वाईट वाटतं, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

मी आधी यंत्रमागाच्या मोटरी भरायचो, म्हणजे जळालेली तार काढून नवी गुंडाळायचो. आता अशोक चौकाच्या बाजूला घरगुती मशीनं दुरुस्त करतो. सोलापुरातल्या मशीनची दुखणी काही बाबतींत इथलीच आहेत, तेही पुढे येईल.

आधी मशीन बंद का पडतं ते. मोटरच्या वाइंडिंगला, म्हणजे तांब्याच्या तारेच्या वेटोळ्यांना, लागून एक लहानसा थर्मल स्विच बसवलेला असतो. ठरावीक तापमानाला तो वीज तोडतो आणि गार झाला की बऱ्याच मशीनमध्ये आपोआप जोडतो. म्हणजे मशीन बंद पडतंय तेव्हा थर्मल त्याचं काम नीट करतोय. काही ठिकाणी हा थर्मल काढून वायर थेट जोडून देतात, मशीन बंद पडायचं थांबतं आणि गिऱ्हाईक खूश होतं. असं कोणी सुचवलं तर मशीन उचला आणि घरी या. पुढच्या वेळी वायरवरचं वार्निश जळेल आणि मग खरोखरच मोटर जाईल, कदाचित प्लॅस्टिकचं अंगही पेटेल.

आता मोटर तापते का? इथे बहुतेकांची एक समजूत आड येते, ती मिक्सरवरून आलेली. मिक्सरमध्ये आणि व्हॅक्यूममध्ये मोटर एकाच जातीची असते, युनिव्हर्सल मोटर: आर्मेचर (फिरणारा गाभा), कम्युटेटर (त्याच्या टोकाचं तांब्याच्या पट्ट्यांचं कडं) आणि दोन बाजूंना त्याला घासत वीज देणारे दोन कार्बन. शेंगाचटणी करताना भांडं जास्त भरलं की मिक्सरचा आवाज जड होतो, फेरे कमी होतात, करंट वाढतो आणि खालचं लाल बटण उडतं. भार वाढला, म्हणून मोटर तापली. हे सगळ्यांना माहीत असतं. त्यामुळे व्हॅक्यूम बंद पडला की लोक म्हणतात, "गालिचा जाड आहे, लोड आला असेल."

व्हॅक्यूममध्ये गोष्ट उलटी आहे. त्याच्या मोटरचं काम म्हणजे पंख्यानं हवा ढकलणं. नळी चोंदली की पंख्याला ढकलायला हवाच मिळत नाही, तो जवळजवळ रिकामा फिरतो. भार कमी होतो, फेरे वाढतात, आवाज बारीक आणि चढा होतो. क्लॅम्प मीटर (वायरभोवती धरून करंट मोजायचं यंत्र) लावून बघितलं तर १४०० वॅटच्या मशीनचा करंट नळी मोकळी असताना सहा अँपिअर दिसतो आणि नळीचं तोंड तळव्यानं बंद केलं की साडेचारच्या आसपास उतरतो. म्हणजे मोटर कमी वीज घेते आणि तरीही तापते! मिक्सरसारखं ओव्हरलोडचं बटण इथे बसवलं असतं तर ते कधीच उडालं नसतं.

तापते, कारण तिला गार करणारा वारा थांबला. हिशेब बघा. खेचण्याची खरी ताकद म्हणजे दाब गुणिले वाहणारी हवा. दहा किलोपास्कल दाबानं सेकंदाला वीस लिटर हवा ओढली तर ते काम २०० वॅटचं होतं. १४०० वॅट घेणाऱ्या साध्या मशीनकडून दोनशे-तीनशे वॅटचं काम मिळालं तरी ते चांगलं. उरलेले अकराशे-बाराशे वॅट कुठे जातात? उष्णतेत. एका इस्त्रीइतकी उष्णता मुठीएवढ्या मोटरच्या डब्यात तयार होत असते आणि ती बाहेर न्यायला वाऱ्याशिवाय दुसरं काही नाही.

म्हणून पहिला प्रश्न हा विचारायचा: माझ्या मशीनची मोटर कुठल्या वाऱ्यानं गार होते? याची दोन उत्तरं आहेत, आणि तक्रार एकच असली तरी दोन्हीचे उपाय एकमेकांच्या उलट.

पहिली रचना साध्या कोरड्या मशीनची. बाजारात हिला ड्राय मोटर म्हणतात. गालिच्यातून ओढलेली हवा पिशवीतून किंवा डब्यातून गाळली जाते, मग पंख्यातून जाते आणि तीच हवा आर्मेचर-कॉइलवरून वाहत मागच्या जाळीतून बाहेर पडते. खेचण्याचा वारा आणि गार करण्याचा वारा एकच. पुढे कुठेही अडथळा आला, पिशवीत, फिल्टरमध्ये, नळीत की गालिच्याला चिकटलेल्या तोंडात, तर मोटर थेट गुदमरते.

दुसरी रचना ओलं-कोरडं दोन्ही ओढणाऱ्या मशीनची आणि गालिचा-सोफा धुणाऱ्या मशीनची. हिला बायपास मोटर म्हणतात. इथे मोटरला दोन पंखे असतात. खालचा पंखा बंद खोलीत असतो आणि गालिच्यातली ओली हवा ओढून बाजूच्या तोंडातून थेट बाहेर टाकतो. ती हवा वाइंडिंगला शिवतसुद्धा नाही, शिवली तर पाण्यानं शॉर्ट होईल. गार करायला वरच्या टोकाला दुसरा छोटा पंखा असतो, तो मशीनच्या वरच्या किंवा बाजूच्या वेगळ्या जाळीतून खोलीतली कोरडी हवा घेतो. दोन वाऱ्यांच्या दोन वाटा. इथे नळी पूर्ण चोंदली तरी मोटर सहसा तापत नाही. पण ती छोटी जाळी बंद झाली, तर खेचण्याची ताकद अगदी छान असतानाही मोटर बंद पडते.

गंमत म्हणजे वाऱ्याची वाट कशी ठेवायची हा प्रश्न या यंत्राच्या जन्मापासूनचा आहे. लंडनच्या ह्यूबर्ट बूथनं १९०१ मध्ये धूळ आधी कापडावर अडवली आणि पंप त्याच्या मागे ठेवला. अमेरिकेत ओहायोमधल्या एका दुकानात झाडलोट करणारे जेम्स स्पँगलर दम्यानं बेजार होते. त्यांनी १९०८ मध्ये पेटंट घेतलेल्या यंत्रात पंखा पुढे आणि पिशवी मागे होती, म्हणजे कचरा पंख्यातूनच जायचा. त्या रचनेची उभी मशीनं अजूनही मिळतात. पंखा मोठा, फेरे कमी, दाब कमी पण हवा भरपूर, आणि गालिच्याला ते मानवतं. फक्त एखादं नाणं आत गेलं की पंख्याचं पातं तुटतं. आपल्याकडे ही क्वचितच दुरुस्तीला येतात, त्यामुळे इथे एवढंच.

दोन मशीनं सांगतो, म्हणजे फरक नीट लक्षात येईल.

जुळे सोलापूरच्या एक काकू दिवाळीनंतर आल्या. कोरडं मशीन, पिशवीवालं. दुसऱ्या एका ठिकाणी मोटर बदलून झाली होती, तरी दहा मिनिटांत बंद. मी चालू केलं, तर आवाज शिट्टीसारखा चढा. मागच्या जाळीवर हात धरला, तर वारा नावालाच आणि तोही कढत. पिशवी काढली, तर निम्मीसुद्धा भरलेली नव्हती.

"अहो दादा, पिशवी अर्धी रिकामी आहे की! ती कशी चोंदेल?"

"काकू, दिवाळीत रांगोळी ओढली का याच्यानं?"

ओढली होती. दारातली आणि हॉलमधल्या गालिच्यावर सांडलेलीही, चारही दिवस. रांगोळी म्हणजे दगडाची पूड. ती पिशवीत खाली पडून राहत नाही, पिशवीच्या कागदाच्या छिद्रांत जाऊन बसते. पिशवी किती भरली यापेक्षा ती श्वास किती घेते हे महत्त्वाचं. थोडीशी रांगोळी, पीठ, भस्म किंवा भिंत घासताना उडालेली पुट्टी अख्खी पिशवी बाद करू शकते. शिवाय त्यातली सगळ्यात बारीक पूड पिशवी ओलांडून मोटरच्या पुढच्या फिल्टरवर आणि तिथूनही निसटून कम्युटेटरवर जाते, तिथे ती पॉलिश पेपरसारखी कार्बन खाते. नवी पिशवी आणि नवा फिल्टर टाकला, मशीन सलग चाळीस मिनिटं चालवून दाखवलं. काकूंचा आधीचा मोटरचा खर्च मात्र परत येणार नव्हता. रांगोळी केरसुणीनं भरा, मग उरलेलं ओल्या फडक्यानं. दिवाळीत तसंच, आणि सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत दारोदार रांगोळ्या असतात तेव्हाही तसंच.

दुसरं मशीन साखर पेठेतलं. खाली टॉवेलचे माग, वर घर, आपल्या पूर्व भागात अशी घरं खूप. ओलं-कोरडं मोठं मशीन, वीस लिटरचा डबा. तिथल्या अण्णांनी सांगितलं, की दोन ठिकाणी दाखवलं, दोनदा मोटर बदलली. मी नळी जमिनीवरच्या चादरीला लावली, तर जाड सोलापुरी चादर फरशीवरून उचलली गेली. खेचणं उत्तम, आवाज नेहमीचा. पंधरा मिनिटांनी बंद.

हे मशीन कोरड्याच्या पद्धतीनं तपासलं असतं, तर काहीच सापडलं नसतं. पिशवी नाही, फिल्टर स्वच्छ, नळी मोकळी. मी वरचं टोपण उघडलं. गार करणाऱ्या हवेच्या जाळीवर आतल्या बाजूनं सुताच्या धुळीचा नमद्यासारखा थर बसला होता, नखानं सोलून एका तुकड्यात निघाला. मागांच्या शेडमध्ये सुताचे बारीक तंतू हवेतच तरंगत असतात आणि छोटा पंखा ते दिवसभर ओढत राहतो. दोनदा मोटर बदलणाऱ्यांनी नवी मोटर घालून त्याच चोंदलेल्या टोपणाखाली बसवली होती. मी जाळी ब्रशनं साफ केली, मोटरवर ब्लोअर मारला आणि अण्णांना सांगितलं, "मशीन वर घरात ठेवत जा, शेडमध्ये लावलंच तर महिन्यातून एकदा जाळी बघा." मोटर तीच आहे, अजून चालते.

असं मशीन चालू असताना त्याच्यावर कपडा टाकू नका, ते सोफ्याला किंवा पडद्याला टेकवून ठेवू नका. दिसायला ती जाळी शोभेची वाटते.

घरी स्वतः काय बघायचं

प्लग काढून मगच काहीही उघडायचं, हे पहिलं. पण अर्धं निदान न उघडताच होतं, कान आणि तळहात एवढ्यावर.

मशीन चालू करा आणि आवाज ऐका, मग बाहेर पडणाऱ्या वाऱ्यावर हात धरा. आवाज नेहमीपेक्षा चढा आणि वारा मंद असेल, तर वाट कुठेतरी बंद आहे. आवाज नेहमीचा, मागून वारा भरभरून, पण नळीच्या तोंडाशी ओढ नाही, तर वाट बंद नाही, फुटली आहे: नळीला चीर, झाकणाचं रबर निसटलेलं, पिशवी नीट न अडकलेली. लोक या दोन्ही गोष्टींना "ओढत नाही" असंच म्हणतात आणि दुकानातही तेवढंच सांगतात, म्हणून चुकीचा भाग बदलला जातो. आवाज खालच्या पट्टीत, थरथरता, आणि जाळीतून निळ्या ठिणग्यांचं कडं दिसत असेल, तर तेव्हा मोटरकडे वळायचं.

वाट बंद आहे असं वाटलं, तर नळी मशीनपासून काढा आणि मशीनच्या तोंडावर तळवा धरा. तिथे जोरदार ओढ असेल, तर दोष नळीत किंवा पुढच्या दांडीत आहे. नळीत एक गोटी सोडा. दुसऱ्या टोकानं टपकन पडली, तर नळी मोकळी. अडकली, तर तिथेच मोज्याचा, केसांचा, झाडूच्या काडीचा बोळा आहे. काडी आडवी अडकते आणि तिच्यावर महिनाभर केस जमत जातात, हे मी इतक्या वेळा काढलंय की आता गोटी टेबलावरच ठेवतो.

मशीनच्या तोंडाशीही ओढ नसेल, तर पिशवी आणि फिल्टर. आपल्याकडे पाणी रोज येत नाही, त्यामुळे फिल्टर धुण्याऐवजी झटकण्याची सवय आहे, आणि घड्यांच्या फिल्टरला झटकण्यानं फारसा फायदा होत नाही. धुता येणारा असेल, तर साठवलेल्या साध्या पाण्यात हलवून धुवा, साबण नको. मग पूर्ण चोवीस तास सावलीत वाळवा. ओलसर फिल्टर बसवला, तर त्यावर धुळीचा चिखल होतो आणि कोरड्या रचनेत तो ओलावा सरळ वाइंडिंगवर जातो. दोन फिल्टर असतात हेही विसरू नका. एक मोटरच्या आधी, तो तिला धुळीपासून वाचवतो. दुसरा मोटरच्या नंतर, तो कार्बनची काळी पूड अडवतो, आणि तोही चोंदला तरी वारा थांबतोच. हा मागचा फिल्टर वर्षानुवर्षं कुणी बघितलेलाच नसतो.

उन्हाळ्याचं वेगळं. कोरड्या मशीनला खोलीचीच हवा गार करते. मे महिन्यात दुपारी पत्र्याच्या खोलीत हवाच ४२-४३ अंशांची, मग अर्धवट चोंदलेला फिल्टर जो जानेवारीत चालून गेला तो मे मध्ये मशीन बंद पाडतो. "थंडीत बरं होतं हो," असं लोक म्हणतात ते खरंच असतं. सकाळी लवकर किंवा रात्री साफसफाई करा, पण फिल्टर बघायचं टाळू नका.

गालिच्यावरच बंद पडत असेल तर

फरशीवर तासभर चालतं, गालिच्यावर बंद पडतं, अशीही तक्रार असते. जाड लोकरीच्या गालिच्यावर सपाट तोंड घट्ट चिकटलं, की हवा आत शिरायला फटच राहत नाही. आपण नळी तळव्यानं बंद केल्यासारखंच. दांडीच्या मुठीवर एक सरकती खिडकी असते, ती थोडी उघडा. ओढ कमी झाल्यासारखी वाटेल, पण धूळ हवा वाहते म्हणून उचलली जाते, नुसत्या चिकटण्यानं नाही. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला किलोपास्कलचा आकडा तोंड पूर्ण बंद असतानाचा असतो, म्हणजे जेव्हा हवा शून्य वाहते आणि साफसफाईही शून्य होते. वॅटचा आकडा तर फक्त विजेचा. युरोपात २०१४ मध्ये १६०० वॅटची आणि २०१७ मध्ये ९०० वॅटची मर्यादा आली, तरी तिथे गालिचे झाडणं थांबलं नाही, कंपन्यांनी पंखे आणि वाटा सुधारल्या. गालिचा असलेल्या घरानं नवीन मशीन घेताना हवेचा आकडा विचारावा आणि फिरता ब्रश आहे का ते बघावं. सतरंजी आणि फरशीच्या घराला ब्रशची गरज नाही.

फिरता ब्रश दोन प्रकारचा. एक वाऱ्यावर फिरतो, तो मशीनच्याच वाऱ्यातला वाटा घेतो, म्हणून अर्धवट चोंदलेल्या मशीनवर तो सगळ्यात आधी थांबतो. तो थांबला, की समजा वारा उतरलाय. दुसऱ्याला स्वतःची छोटी मोटर आणि पट्टा असतो. दोन्हीच्या टोकांना केस गुंडाळले जातात, ते कात्रीनं कापून काढा. गालिच्याच्या गोंड्यांवर फिरता ब्रश कधीच नेऊ नका.

बॅटरीवरच्या बऱ्याच हलक्या मशीनमध्ये कार्बन नसलेली मोटर असते, काहींत फेरे मिनिटाला लाखाच्या वर. तिथे थर्मलची वाट न बघता आतलं सर्किटच वारा थांबल्याचं ओळखतं आणि मशीन धापा टाकल्यासारखं चालू-बंद करतं. बॅटरी गेली असं समजू नका, आधी फिल्टर बघा.

गालिचा धुणारं मशीन अचानक ओढायचं थांबतं

इथे बायपास मोटर, म्हणजे तापण्याचं कारण वरची जाळी. पण ओढ अचानक थांबली आणि आवाज चढला, तर घाण पाण्याच्या टाकीतला तरंगणारा गोळा वर जाऊन तोंड बंद करतो आहे. टाकी भरली की त्यानं तसं करावंच. टाकी अर्धी असताना झालं, तर फेस. आधीच्या धुण्यातली पावडर गालिच्यात राहिलेली असते, आपण त्यावर आणखी टाकतो. फेस गोळ्याच्या कडेनंही निसटतो, पंख्यात जातो आणि हळूहळू बेअरिंगचं ग्रीस धुऊन नेतो. टाकीत फेस मारणारं द्रव टाका, आणि पुढच्या वेळी पावडर निम्मी करून शेवटचा हात नुसत्या पाण्याचा द्या. फवारा कमी येत असेल, तर ती तक्रार मोटरची नाही. बोअरच्या जड पाण्याचा क्षार बारीक भोकात बसतो. तोंड काढून व्हिनेगरमध्ये भिजवा.

एक गोष्ट फार कळकळीनं सांगतो. ओल्या मशीनची मोटर बदलताना उंची आणि व्यास जुळला म्हणून ड्राय मोटर बसवू नका, कुणाला बसवू देऊ नका. वरवर दोन्ही सारख्याच दिसतात, ड्राय थोडी स्वस्त पडते. पण तिच्यात ओली हवा थेट वाइंडिंगवरून जाईल, आणि हातात ओली नळी धरलेल्या माणसाला शॉक बसू शकतो. जुनी मोटर हातात घ्या आणि वर छोट्या पंख्याचं वेगळं टोपण आहे का ते बघा. असेल, तर नव्यालाही असलंच पाहिजे. अर्थिंग तपासल्याशिवाय ओलं मशीन लावू नका.

विजेबद्दल थोडक्यात. १४०० वॅटचं मशीन २३० व्होल्टवर सहा अँपिअर घेतं, म्हणजे छोट्या सॉकेटची शेवटची हद्द. पातळ एक्स्टेंशनवर लावलं, तर प्लग तापतो, व्होल्टेज पडतं, फेरे कमी होतात आणि ओढ जाते. गुंडाळलेली वायर पूर्ण सोडून, १६ अँपिअरच्या सॉकेटवर लावून बघा, मगच ओढीबद्दल मत बनवा.

मोटर खरोखर कधी बदलायची? वाट मोकळी, दोन्ही फिल्टर नवे, जाळी साफ, तरी तापतं किंवा ठिणग्यांचं कडं दिसतं, तेव्हा. त्यातही आधी कार्बन काढून बघा. ते झिजून स्प्रिंग टेकायला आली असेल, तर नवे कार्बन घातल्यावर मोटर अजून बराच काळ चालते. कम्युटेटरवर खोल चर पडले असतील किंवा एखादी पट्टी काळी जळलेली असेल, तर कार्बन टिकणार नाहीत. हातानं फिरवताना खरखर लागली, तर बेअरिंग, आणि ते बदलता येतात. एवढं सगळं तपासून झालं आणि मोटर बदलायचं ठरलं, तर दुकानदाराकडून जुनी मोटर परत मागून घ्या आणि नवी बसवताना तिच्याभोवतीचं रबर नवं टाकायला सांगा. ते फाटलेलं राहिलं, तर पंख्यानं बाहेर टाकलेली हवा फटीतून परत आत ओढली जाते, गरम हवा तिथल्या तिथे फिरत राहते आणि आठवड्याभरात मशीन पुन्हा सात मिनिटांवर येतं.